टॉवेलांचा संप

माणूस रिकामा बसला की त्याच्या आसपासच्या संस्थेला अस्वस्थ वाटू लागतं, हे आता शास्त्राने मान्य केलेलं आहे. पूर्वी म्हातारी माणसं ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत बसायची आणि त्याला कुणी काही नाव देत नसे. आता त्याला 'सहभागाचा अभाव' म्हणतात आणि त्यावर तातडीने उपाय करावा लागतो. त्या उपायाचं नाव 'अर्थपूर्ण उपक्रम'. उपक्रम अर्थपूर्ण आहे की नाही हे ओळखण्याची कसोटीही सोपी आहे. तो करणारा माणूस दाराकडे गेला नाही, तर उपक्रम अर्थपूर्ण.

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केम्बला गावात 'समुद्रदर्शन' अशा अर्थाचं नाव असलेलं एक वृद्धनिवास आहे. (समुद्र दिसतो. मात्र त्यासाठी व्यवस्थापकांच्या मोटारीच्या टपावर उभं राहावं लागतं.) तिथल्या मागच्या विभागात, म्हणजे ज्यांची आठवण फार लांब निघून गेली आहे अशा मंडळींच्या विभागात, अर्थ पुरवण्याचं काम नोएलीन प्राउज हिच्याकडे होतं. नोएलीनने आधी बरीच वर्षं शाळेचं उपाहारगृह चालवलं होतं. पोरांना सॉसेज रोल देता देता तिला माणसांची चांगली पारख झाली होती, आणि हे काम ती मनापासून करत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे घडलं ते सगळं मनापासून काम केल्यामुळेच घडलं.

तिने पुरवलेला अर्थ पुष्कळ प्रकारचा होता. ज्यांना कुलपं-कड्या खटखटवायची सवय होती, त्यांच्यासाठी एक मोठी फळी होती. तिच्यावर कड्या, कोयंडे, बोल्ट, साखळ्या असं सगळं ठोकलेलं होतं. दार तेवढं नव्हतं. मासेमारी करणाऱ्यांसाठी बिनगळाची काठी होती. बागकाम आवडणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या कोबीचा वाफा होता. त्याला रोज पाणी घातलं जाई आणि तो एकदाही सुकला नव्हता. असं यश खऱ्या कोबीला मिळवता आलेलं नाही.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना डेस मलहर्न आले.

डेस हे गोदी कामगार. उभा जन्म बोटींवरचा माल चढवण्या-उतरवण्यात गेला, आणि त्यातला बराचसा काळ तो चढवायचा नाही असं ठरवण्यात गेला, कारण ते तिथल्या युनियनचे पुढारी होते. आपण त्यांना डेसभाऊच म्हणू. अशा माणसाला मराठीत दुसरं काही म्हणता येत नाही. बायको वारल्याचं ते विसरले होते, घराचा पत्ता विसरले होते. पहिल्या पाळीची वेळ मात्र त्यांच्या लक्षात होती. रोज सकाळी बगलेत जेवणाचा डबा (रिकामा) मारून ते मागच्या फाटकापाशी उभे राहत आणि फाटक गदागदा हलवत. फाटक उघडत नसे. मग ते त्याच्याशी कायद्याच्या भाषेत बोलत.

दर रविवारी त्यांची मुलगी कॉलीन भेटायला येई. ती त्यांना मालकाच्या मुख्य कचेरीतली बाई वाटे. तिने आणलेले खोबऱ्यात घोळलेले लॅमिंग्टन केक ते खात, पण सावधपणे. "बाई, खायला घालून काही होणार नाही," ते सांगत. "जे काय बोलायचंय ते समितीसमोर बोला." कॉलीन बरं म्हणे, त्यांची मान पुसे, आणि गाडीत जाऊन बराच वेळ गाडी सुरूच करत नसे.

निवासाचे व्यवस्थापक ब्रेंट हॉलोवे हे चांगले गृहस्थ होते आणि त्यांच्याकडे तसं प्रमाणपत्रही होतं. सरकारी मूल्यांकन जवळ आलं होतं. फाटक हलवणारा म्हातारा मूल्यांकनात बरा दिसत नाही, हे त्यांनी नोएलीनला बोलावून शांतपणे समजावलं. मूल्यांकनापर्यंत डेस स्थिरावले नाहीत, तर त्यांना डोंगरापलीकडच्या गावी कुलूपबंद विभागात हलवावं लागेल. तिथे फाटकच नाही, म्हणजे तक्रारीला जागा नाही. कॉलीनला डोळ्यांच्या दुखण्यामुळे तेवढी लांब गाडी चालवता येत नव्हती. नोएलीनने तसं सांगितलं. ब्रेंट म्हणाले, हे फार वाईट आहे, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

नोएलीनने टॉवेल आणले.

टॉवेलांच्या घड्या घालणं हा या क्षेत्रातला सर्वमान्य उपक्रम आहे. टोपलीभर टॉवेल समोर ठेवायचे. रहिवाशांनी घड्या घालायच्या. चहानंतर समन्वयकाने ती टोपली कपड्यांच्या खोलीत न्यायची, दार लावून घ्यायचं, सगळे टॉवेल झटकून मोकळे करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर ठेवायचे. अशाने अर्थ ताजा राहतो. नोएलीनच्या अंदाजाने 'समुद्रदर्शना'तल्या त्या टॉवेलांपैकी प्रत्येकाची घडी काही हजार वेळा पडली होती, आणि त्यांतल्या एकालाही ओलं माणूस कसं असतं ते ठाऊक नव्हतं.

डेसभाऊंनी टोपलीकडे बघितलं, बाही वर केली आणि कामाला लागले. पंधरवडाभर फाटक हललं नाही. त्यांच्या एका बाजूला द्रागित्साबाई बसत. त्यांचे यजमान पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होते. बाई मॅसेडोनियातून आलेल्या. त्यांची इंग्रजी आठवण आधी गेली होती आणि मागे राहिलेल्या भाषेत त्या सगळ्यांशी बोलत. सगळ्यांना ते समजे. दुसऱ्या बाजूला हॅरल्ड पेटिफर, निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना पेटिफरसाहेब म्हटल्याशिवाय ते वळून बघत नसत. प्रत्येक घडी ते उजेडाला धरून तपासत आणि नामंजूर करत. खिडकीशी मिस ऊना फेअरक्लॉथ. मिस ऊना पूर्वी शाळेत शिकवत, आणि गेलं वर्षभर त्यांच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. त्या घडी घालत नसत. एक टॉवेल मांडीवर घेऊन त्याला थोपटत.

ब्रेंट खूश होते. सगळं छान चाललं होतं, आणि मग एका दुपारी नोएलीन कपड्यांच्या खोलीचं दार नीट लावायला विसरली.

ती टॉवेल झटकत होती. मागे वळली तर दारात डेसभाऊ. त्यांनी तिच्या हातातल्या टॉवेलाकडे पाहिलं, जमिनीवरच्या ढिगाकडे पाहिलं. त्यांच्या घड्या त्यांना ओळखू आल्या असाव्यात. सुताराला आपली खुर्ची ओळखू येते तशा. ते ओरडले नाहीत. इतकंच विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे करायला, पोरी?"

नोएलीनला खोटं सुचलं नाही. ऑफिसने, असं ती म्हणाली.

डेसभाऊंनी मान हलवली आणि निघून गेले. रात्रीच्या जेवणापर्यंत ते सगळं विसरले असणार, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही ठरलं. सकाळी त्यांना ना टॉवेल आठवत होते, ना खोली, ना नोएलीन. मात्र राग जिथल्या तिथे होता. कारण गेलं, तक्रार उरली. (हा आजार नाही. घरोघरच्या भाऊबंदकीत हेच आढळतं आणि तिथे कुणी औषध देत नाही.)

दहाच्या सुमाराला डेसभाऊ दिवाणखान्यात उभे राहिले, खुर्चीची पाठ हातांनी धरली आणि त्यांनी सभा सुरू केली.

त्या भाषणाचा तपशील उपलब्ध नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच तो आठवत नाही. नोएलीनने दारातून ऐकलं त्यात चहाची सुट्टी होती, माणसाची इज्जत होती, आणि बोटीतल्या कसल्याशा ओल्या गव्हाबद्दल बरंच काही होतं. शेवटी त्यांनी काम बंद करण्याच्या बाजूने हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले. त्यांतले काही शेजाऱ्याचा गेला म्हणून गेले, एक संडासला जायचं म्हणून गेला. संयुक्त आघाडी याहून वेगळी नसते.

"विरुद्ध कोण?" डेसभाऊंनी रीतीप्रमाणे विचारलं.

"नाही," खिडकीशी मिस ऊना म्हणाल्या. स्पष्ट, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात.

तो विरोध होता की पाठिंबा, हे आजवर ठरलेलं नाही. डेसभाऊंनी तो पाठिंब्यात धरला. नोएलीन कपड्यांच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि थोडा वेळ टॉवेलात तोंड खुपसून उभी राहिली. त्या टॉवेलाला ओलाव्याचा पहिला अनुभव तेव्हा मिळाला.

ब्रेंटनी संपाची बातमी हसतमुखाने घेतली. व्यवस्थापनशास्त्राप्रमाणे संप हा थकवून मोडायचा असतो, आणि इथे तर जेवणापर्यंत थांबणं पुरेसं होतं. त्यांचा अंदाज बरोबर निघाला. जेवणाची घंटा झाली आणि संप सगळ्यांच्या डोक्यातून पार पुसला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डेसभाऊ उठले, खुर्चीची पाठ धरली आणि सभा सुरू केली. तिसऱ्या दिवशी तेच. जगातल्या कोणत्याही संपाला पुढे पुढे मरगळ येते, बायका घरखर्चाचं विचारू लागतात, पुढारी एकमेकांवर संशय घेऊ लागतात. 'समुद्रदर्शना'तला संप रोज पहिल्याच दिवशी असे. त्याला जुनं होता येत नव्हतं.

वाटाघाटीही झाल्या. ब्रेंटनी प्लास्टिकच्या पेल्यांऐवजी फुलाफुलांच्या कपांत चहा देण्याचं कबूल केलं. ते मान्य झालं, टाळ्या पडल्या, चहा प्यायला गेला, आणि कप उचलेपर्यंत मंडळी पुन्हा संपावर. जी मागणी मान्य झाल्याचं आठवत नाही, ती मान्य झालेली नसते. यावर व्यवस्थापनशास्त्रात उत्तर नाही.

पेटिफरसाहेब सुरुवातीला फुटले होते. शिस्तीचा माणूस, एकटे जाऊन घड्या घालू लागले. द्रागित्साबाई उठल्या आणि त्यांच्या समोर जाऊन बोलू लागल्या. भट्टीवरच्या माणसाच्या बायकोने संपफोड्याला काय म्हणायचं असतं ते मॅसेडोनियनमध्ये फार तपशिलात म्हणता येतं, असं दिसून आलं. पेटिफरसाहेबांनी हातातली घडी खाली ठेवली. त्यानंतर त्यांना व्यवस्थापनाच्या बाजूने बसवण्यात आलं, आणि ब्रेंट मीटिंगमध्ये अडकले असताना डेसभाऊंशी सगळी बोलणी तेच करू लागले. दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसत, एकमेकांचा अपमान करत, मधेच बिस्किट पुढे सरकवत. दोघांनाही इतकं आनंदात कुणी पाहिलं नव्हतं.

परिणाम नोंदवावे लागतील. मंडळी ताटातलं सगळं जेवू लागली. (संपात भूक लागते.) रात्री गाढ झोपू लागली. झोपेच्या गोळ्या उरू लागल्या. जे गृहस्थ पलंगावरून उतरत नसत ते रोज सकाळी 'आज तरी काय ठरलंय' ते बघायला चालत येऊ लागले. फाटक कुणी हलवत नव्हतं, कारण फाटकाबाहेर जायला वेळ कुणाला होता?

मूल्यांकन अधिकारी जेनिस क्वॉन ज्या सकाळी आल्या, त्या सकाळी संपकऱ्यांनी कपड्यांच्या खोलीसमोर धरणं धरलं होतं. बिंगोच्या कागदांच्या पाठीवर लिपस्टिकने लिहिलेले फलक होते. एकावर नुसतं 'नाही' होतं, मिस ऊनांच्या सुंदर अक्षरात. क्वॉनबाईंनी विचारलं, हे काय आहे.

 डोंगरापलीकडचा तो कुलूपबंद विभाग नोएलीनच्या डोळ्यांसमोर आला. ब्रेंट मात्र अडखळले नाहीत, आणि यासाठीच व्यवस्थापकांना पगार जास्त असतो.

"हा आमचा व्यक्तिकेंद्रित अर्थपूर्ण उपक्रम," ते म्हणाले. "गतजीवनावर आधारलेला."

क्वॉनबाई भारावल्या. राज्यभर हिंडून त्यांनी इतके टॉवेल बघितले होते की घरीसुद्धा त्या टॉवेल चुरगळून ठेवत. त्यांनी निवासाला सर्वोच्च श्रेणी दिली आणि अहवालात 'अनुकरणीय' हा शब्द वापरला. डेस मलहर्न यांचं नाव तर उपक्रमाचे आधारस्तंभ म्हणून आलं. आधारस्तंभ हलवता येत नसतो. कॉलीनला फोनवर हे सांगताना नोएलीन हसत होती आणि पलीकडून कॉलीन काय करत होती ते आवाजावरून सांगणं कठीण होतं.

आता श्रेणी मिळाली म्हटल्यावर संप कुणाच्या लहरीवर सोडून चालणार नव्हतं. तो वेळापत्रकात आला: मंगळवार आणि गुरुवार, दहा ते अकरा. संपाच्या धोक्यांचा आढावा घेण्यात आला. फलक टोचू नयेत म्हणून स्पंजाचे करून घेतले. घोषणा मंजूर करून छापल्या ('आम्हांला काहीतरी हवं आहे' ही त्यांतली सर्वांत जहाल). नोएलीनला 'संप समन्वयक' असा बिल्ला मिळाला.

पहिल्या मंगळवारी तिने डेसभाऊंच्या हातात निळा स्पंजाचा फलक दिला. त्यांनी तो दाबून पाहिला. पुन्हा दाबला.

"हे कुणी दिलं?"

"ऑफिसने," नोएलीन म्हणाली. हा शब्द आपण यांच्यासमोर दुसऱ्यांदा उच्चारतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. त्यांच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

डेसभाऊंनी फलक खुर्चीवर ठेवला. "मालकाने दिलेला संप घ्यायचा नसतो, पोरी," ते म्हणाले. नंतर चालत टोपलीपाशी गेले, बसले, आणि घडी घालू लागले.

हे बंड होतं, आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं. द्रागित्साबाई उठल्या. पेटिफरसाहेब व्यवस्थापनाची बाजू सोडून उठले. दहा वाजता संप करण्याचा आदेश असताना सगळा विभाग छातीठोकपणे काम करत होता. दहा मिनिटांत टोपली रिकामी झाली, घड्यांचा मनोरा उभा राहिला, आणि डेसभाऊंनी त्याच्यावर हात ठेवून नोएलीनकडे पाहिलं.

"आता हे मोडणार कोण?"

आपल्याला काही आठवत असतं तर आपण घाबरलो असतो, असं नोएलीन नंतर म्हणाली. म्हणजे घराचे हप्ते, बिल्ला वगैरे. त्या क्षणी तिलाही काही आठवेना.

"मी नाही," ती म्हणाली.

मग ते काम ब्रेंटना करावं लागलं. दुपारी, सगळे पेंगत असताना, ते मनोरा छातीशी धरून कपड्यांच्या खोलीकडे निघाले आणि मध्यावर द्रागित्साबाईंनी त्यांना पकडलं. त्यांनी गुंडाळलेल्या टॉवेलाचा एकच फटका दिला, तोही हलका, नातवाला द्यावा तसा. मनोरा कोसळला. बाईंनी जमिनीकडे बोट दाखवलं. ब्रेंट खाली बसले आणि घड्या घालू लागले. फोन वाजत राहिला, त्यांनी उचलला नाही. दुपार संपेपर्यंत ते दाराकडे गेले नाहीत. नोएलीनच्या मते त्यांच्यात बरीच सुधारणा दिसत होती.

तिने ती संधी साधली. शेजारी खाली बसून तिने सुचवलं की निवासाचे खरे धुतलेले टॉवेल बाहेरच्या धोबीखान्यातून घड्या घालून येतात, ते बिनघडीचे मागवावे. ब्रेंट म्हणाले, विमा कंपनी काय म्हणेल. नोएलीन म्हणाली, टॉवेलाने आजवर जखमी झालेले तुम्ही एकटेच, आणि तुम्ही तक्रार करणार नाही. ब्रेंटनी एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्याला नीट जुळवला आणि बरं म्हटलं.

तेव्हापासून सकाळी दहाला किटलीत चहा येतो, आणि घातलेल्या घड्या संध्याकाळी कुणाच्या तरी ओल्या पाठीवर मोडतात. पाळी सुटली की फाटकही उघडतं. डेसभाऊ डबा घेऊन बाहेर पडतात, नोएलीनबरोबर कोपऱ्यावरच्या बोलिंग क्लबपर्यंत जातात, आणि दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर होतात.

एका रविवारी फाटकाबाहेर कॉलीन उभी होती. डेसभाऊंनी तिला ओळखलं. म्हणजे मुख्य कचेरीतली बाई म्हणून ओळखलं.

"बाई, झालं ना मंजूर," ते म्हणाले. "आता घरी जाऊन पोरीला सांगतो."

"सांगा की," कॉलीन म्हणाली.

"झोपली असेल ती. लहान आहे." त्यांनी डबा दुसऱ्या बगलेत घेतला. "तुम्ही चला. तुम्हांला बघून आनंद होईल तिला." आणि त्यांनी आपला हात पुढे केला. कॉलीनने तो धरला, आणि दोघं क्लबच्या दिशेने चालत गेले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गेल्या महिन्यात विभागात एक नवीन बाई आल्या आहेत. साठीच्याच आहेत, म्हणजे जवळजवळ आपल्यातल्याच. त्यांनी टॉवेल नाकारले, कोबीकडे पाहिलं नाही. मग नोएलीनने त्यांच्या हातात एक बंद पडलेला मोबाइल ठेवला. आता त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून काळ्या काचेवर अंगठा सरकवतात. मधेच जराशा हसतात. जेवायला बोलावलं की वर न बघता 'आलेच' म्हणतात.

डेसभाऊ त्यांना युनियनमध्ये घ्यायला गेले होते. ज्यांनी बँक मॅनेजरला व्यवस्थापनाची बाजू सोडायला लावली, ते अर्धा तास बाईंपुढे बोलले आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आले. नोएलीनने काय झालं म्हणून विचारलं.

"तिला राहू दे," ते म्हणाले. "तिची पाळी सुटतच नाही."

ब्रेंट मात्र अत्यंत समाधानी आहेत. त्यांच्या मते हा पहिलाच उपक्रम आहे, ज्याला ना टोपली लागते, ना उलगडणारा माणूस, आणि ज्यात सहभागी झालेलं कुणीही आजवर दाराकडे गेलेलं नाही. पुढच्या वीस वर्षांत येणाऱ्या मंडळींचा विचार करून त्यांनी बंद मोबाइलांची मोठी मागणी नोंदवून ठेवली आहे. तेव्हा आपण मुळीच काळजी करू नये. आपली सोय झालेली आहे. येताना चार्जर आणण्याची गरज नाही.